पायांवरून ओळखणारे सर

आमच्या कॉलेजच्या पी.टी. सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तीस वर्षं ज्यांनी मैदानावर पोरं पळवली, त्यांच्या शेजारी त्यातलंच एखादं पोर बसमध्ये येऊन बसलं तर त्यांना पत्ता लागत नसे. ते पोर उठून दाराकडे चालायला लागलं की मात्र मागून हाक यायची, नावासकट.

सकाळी साडेआठला सर फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसत. पांढरा शर्ट, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. तोंडासमोर तमिळ पेपर उघडा. नवीन मुलांना वाटायचं, सर बातम्या वाचतायत. एकदा मी मुद्दाम वाकून तारीख बघितली तर पेपर मागच्या आठवड्यातला होता. सर पेपर वाचत नव्हतेच. पेपराच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत जेवढं दिसेल तेवढं बघत होते. पोरांनी त्यांचं नाव सेरुप्पु सर ठेवलं होतं. सेरुप्पु म्हणजे चप्पल. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका सोमवारी मी मैत्रिणीशी चपला बदलल्या, तिचीच पिशवी खांद्याला अडकवली आणि मान खाली घालून फाटकातून आत शिरले. चार पावलं गेले असेन.

"काय गे," पेपरामागून आवाज आला, "कोणाची चप्पल घालून आलीस? डावा पाय उचलून टाकत्येस."

हे ते मराठीत म्हणाले. अख्ख्या मैदानावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांचं घर आणि आमचं घर, दोन्ही तंजावरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, पिढ्यान्पिढ्या. आमचं मराठी घरात बोलायचं. ते लिहितात कसं, हे मी पुण्यात नोकरीला आल्यावर बसच्या पाट्यांवरून शिकले. इथले लोक माझ्या बोलण्याला हसतात आणि मी त्यांच्या घाईला हसते, तेव्हा फिट्टंफाट. पण सरांचं मराठी माझ्याहूनही जुनं होतं. 'सगळं'ला ते 'अस्कं' म्हणत आणि 'मला'ऐवजी 'मज'. वर प्रत्येक वाक्याला तमिळचा हेल. रागावले तरी गाणं म्हटल्यासारखं वाटायचं.

त्यांची एक गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. कॉलेजच्या खो-खो संघाची कॅप्टन तीन वर्षं त्यांच्या हाताखाली खेळली आणि मग तिचं लग्न ठरलं, तिरुवैयारुला, कावेरीच्या काठच्या एका मंगल कार्यालयात. आम्ही दहा-बाराजण सरांबरोबर गेलो. नवरी नटूनथटून स्टेजवर बसलेली. सर नारळ आणि साडी घेऊन वर गेले, तिच्या समोर उभे राहिले आणि तिलाच विचारलं, "पोण्णु एंगे?" म्हणजे मुलगी कुठाय. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. खाली आल्यावर आम्ही सरांना फाडून खाल्लं. ते म्हणाले, "बसलेला मनुष्य मज कळत नाही. काय करू?" पुढे सप्तपदी सुरू झाली. सर तेव्हा जेवणाच्या पंगतीच्या दारात होते, तिथून त्यांना फक्त नवरीची पावलं दिसत असणार. तिसऱ्या पावलाला ते मोठ्याने म्हणाले, "अरे, ही तर आमची!" भटजींचा मंत्र चुकला. नवरी मात्र खुदकन हसली.

बसलेला मनुष्य मज कळत नाही. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की आम्ही त्यांच्या आधीच म्हणायचो. कोणाला 'कसा आहेस' म्हणून ते कधी विचारत नसत. तोंड काहीही सांगतं, पाय खोटं सांगत नाहीत, एवढंच त्यांचं शास्त्र. ते शास्त्र कुठल्या पुस्तकातलं हेही मी शोधून बघितलं. कुठल्याच पुस्तकातलं नव्हतं.

पहिल्या वर्षी माझे दोन पेपर राहिले. आमच्याकडे त्याला अरियर म्हणतात. पुन्हा बसायचं आणि सोडवायचे, आभाळ कोसळत नाही. पण माझे अप्पा वीज खात्यात हेडक्लार्क, आणि त्यांच्या ऑफिसात माझ्या मार्कांची वर्णनं चालायची. मी घरी सांगितलंच नाही. कॉलेजला जायचे, पण वर्गात बसवत नसे. रात्री डोळा लागत नसे आणि सकाळी अंथरूण सोडवत नसे. हे कोणाला कळत नाहीये, असं मला वाटत होतं.

एक दिवस सर पेपर खाली न घेता म्हणाले, "गे, आताशा तुझी टाच वाजत नाही."

"मग?"

"मग काही नाही. उद्या साडेसहाला ये. चुना मारायचाय."

मैदानावर धावपट्टीच्या रेषा चुन्याने आखायच्या असतात. त्यासाठी एक लोखंडी गाडी होती, ढकलत नेली की खालून चुना पडायचा. रेषा सरळ यायची असेल तर चाकाकडे बघायचं नाही, पलीकडच्या खांबाकडे बघत चालायचं. पहिल्या दिवशी माझी रेषा कावेरीसारखी वळली. सरांनी ती पुसायला लावली आणि पुन्हा मारायला लावली. मी दीड महिना रोज सकाळी चुना मारला. मला वाटायचं, आपण विश्वासू आहोत म्हणून निवडलं. मैत्रिणींपुढे मी तसा भावही खाल्ला.

माझ्यानंतर चुन्याच्या गाडीवर एक मुलगा आला, त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्याच्यानंतर एक मुलगी, तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी जरा रागावलेही. मग हिशेब करून बघितला: चुना मारून माझे पेपर सुटले नव्हते, पण सकाळी उठायला काहीतरी कारण झालं होतं, नाश्त्याला सपाटून भूक लागायला लागली होती, आणि असंच एकदा चार इडल्या खाऊन झाल्यावर मी अप्पांना सगळं सांगून टाकलं होतं. अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जुने प्रश्नसंच आणून दिले. म्हणजे सरांच्या शास्त्रात दम होता. तिथून पुढे मी त्यांची पक्की भक्त झाले, आणि भक्तांचा जो दोष असतो तो मलाही लागला. सरांना सगळं दिसतं असं मी धरून चालले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा एक अर्ज आला. झोप लागते का, भूक लागते का, उत्साह वाटतो का, आणि प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून तो भरून घेतला. आमच्या रांगेने डोळे मिटून 'नेहमी'वर खुणा केल्या, कारण कॅन्टीनमध्ये वडे तळायला घेतल्याचा वास येत होता. निकाल असा लागला की आमचं कॉलेज फार आनंदी आहे. प्रिन्सिपलनी तसं माइकवरून जाहीर केलं आणि टाळ्याही वाजवायला लावल्या.

सर शेवटच्या रांगेमागे उभे होते. मला हळूच म्हणाले, "अस्के खूश आहेत म्हणे. मग रोज जिन्याच्या वळणावर कोण थांबतंय?"

त्यांचं म्हणणं असं की दमलेला माणूस जिना संपल्यावर थांबतो आणि मनात काही असलेला वळणावर, कारण तिथे तो वरून दिसत नाही आणि खालूनही नाही. मी आठवडाभर पाळत ठेवली. एक मुलगा खरंच रोज वळणावर वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्याच्या पायात सँडल असायचे. सरांना सांगितलं तर म्हणाले, "ठाऊक आहे मज. पुढच्या सोमवारपासून तो चुन्याला."

आता ओरत्तनाडूबद्दल सांगते. ती आमच्या वर्गातली. ओरत्तनाडूहून बसने यायची म्हणून सगळे तिला ओरत्तनाडूच म्हणायचे. वडील खताच्या दुकानात कामाला. तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोनदा राहिली, आणि मग आमच्याबरोबर बी.एस्सी.ला येऊन बसली. बसली म्हणण्यापुरतंच, कारण मी तिला कधी निवांत बसलेलं बघितलं नाही. पहिल्या तासाआधी ती धावायची आणि शेवटच्या तासानंतरही. बस चुकली तर पुढची येईपर्यंत स्टँडभोवती फेऱ्या मारायची.

सरांना तिचं कोण कौतुक. "हिच्या पायांत काही म्हणून अडकलेलं नाही," असं ते सगळ्यांना सांगत. तिची नाडी बघायचे आणि आल्यागेल्याला तिचं मनगट पुढे करून दाखवायचे, बघा कशी संथ आहे, ही धावणाऱ्याची नाडी. तिरुचीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. तीन हजार मीटरमध्ये ती पहिली येणार हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. कॉलेजला धावण्यात पदक कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे प्रिन्सिपल मैदानावर येऊन तिची धाव बघायला लागले होते, तेही बुटांना धूळ लागते म्हणून कधी तिकडे न फिरकणारे.

दुपारी आम्ही चौघीजणी करंजाच्या झाडाखाली डबा खायचो. ओरत्तनाडू आली की डबा उघडायची आणि झाकणात वाढून आम्हाला द्यायची. तिच्या आईच्या हाताला काय चव होती. लिंबाचा भात, वर तळलेल्या मिरच्या. "आणि तू?" असं विचारलं की म्हणायची, "माझं आच्चु."

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावात माणूस भेटला की 'कसं काय' म्हणत नाहीत. "साप्टाच्चा?" म्हणतात, म्हणजे जेवण झालं का. आणि त्यावर "आच्चु", म्हणजे 'झालं', असं म्हणायचं. सकाळी दहाला विचारलं तरी आच्चु, दुपारी चारला विचारलं तरी आच्चु. पोटात कावळे ओरडत असले तरी आच्चु. कारण 'नाही' म्हणालात तर विचारणाऱ्याला तुम्हाला घरी नेऊन वाढायला लागेल, आणि असं कोणाला अडचणीत टाकणं बरं दिसत नाही. त्यामुळे दिवसभर सगळे सगळ्यांना विचारतात आणि उत्तर कोणीच ऐकत नाही. ओरत्तनाडूला बसचा कंडक्टर विचारायचा, फाटकावरचा रखवालदार विचारायचा, आम्ही विचारायचो, सरही पेपरामागून विचारायचे. तिने सगळ्यांना आच्चु सांगितलं. आम्ही तिला दिवसातून वीसदा विचारलं आणि एकदाही विचारलं नाही.

मला मात्र दिसत होतं. तिचा डबा तर माझ्याच पोटात जात होता. बाकीच्या दोघी चवीपुरतं घ्यायच्या, मी चाटूनपुसून खायचे. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या. एकदा पायरीवर चढताना तिने माझा खांदा धरला आणि थोडा वेळ सोडलाच नाही. मला ते खटकलं, नाही असं नाही. पण मनात आलं, काही असतं तर सरांना दिसलं असतं. सर रोज तिचे पाय बघतात. आणि भात चविष्ट होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी मैदानावरून जात होते. सर चुन्याची पोती मोजत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गे, तुझी चाल जड झाल्ये. दोघांचं जेवण चालतंय तुझ्या पायांत."

मी हसले. "दोघांचंच आहे सर. ओरत्तनाडूचा डबा मीच खाते."

तेही हसले. मग हसता हसता थांबले. हातातलं पोतं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. नेम चुकलाच, ते माझ्या कपाळाकडे बघत होते.

"मग ती काय खाते?"

"ती म्हणते, तिचं झालेलं असतं."

"किती दिवस हे?"

"दीड-दोन महिने असतील."

मला वाटलं, रागावतील. मी घाईघाईने म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." ते म्हणाले, "मज ठाऊक नव्हतं," आणि चुन्याचे हात वेष्टीला पुसत तसेच करंजाच्या झाडाकडे निघाले. दुपारची सुट्टी नुकतीच झाली होती.

ओरत्तनाडू झाकणात भात वाढत होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांना बसता येत नव्हतं धड, गुडघा आधी एका बाजूला नेला, मग दुसऱ्या. आमच्या दोन मैत्रिणी डबे आवरून उठल्या. मी उठावं की थांबावं ते न कळून उभी राहिले. पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी मराठीत सांगते.

"साप्टाच्चा?" सरांनी विचारलं.

"आच्चु, सर."

"काय जेवलीस?"

ती गडबडली. हा प्रश्न पुढे येत नसतो. "लिंबाचा भात."

"हा तर झाकणात आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते मी विसरलेले नाही. मग तिने झाकण खाली ठेवलं.

"परवा तू धावणार नाहीस," सर म्हणाले. "तुझं नाव मी काढतोय. आज माझी बायको तुझ्याबरोबर इस्पितळात येईल."

मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली. एवढीशी ती, पण आवाज पार लायब्ररीपर्यंत गेला असेल. "बसलं की माझं डोकं सुरू होतं, सर. तू दोनदा नापास झालीस, बापाचा पैसा आणि आईचे उपास वाया घालवलेस, हेच सारखं. धावताना तेवढं गप्प बसतं. पोट रिकामं असलं की आणखी गप्प बसतं. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, हला, चाला, मोकळं वाटेल? चुना मारायला लावता ना? मी हलले तर माझंच चुकलं? माझ्याकडे एवढंच आहे आणि तुम्ही तेच काढून घेताय."

तीस वर्षं जे औषध सरांनी सगळ्यांना एका मापाने दिलं, ते इथे पोरीला आतून खात होतं, आणि ते बघत त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग म्हणाले, "मज ठाऊक नाही गे. धावणं काढलं तर तेच्या जागी काय घालायचं, मज ठाऊक नाही. पण आज तू एकटी बसू नको. मी बसतो."

हे ते मराठीत बोलले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. तिला त्यातलं एक अक्षर कळण्याचं कारण नव्हतं, पण ती गप्प झाली. शिपायाच्या निरोपावरून सरांची बायको रिक्षा घेऊन येईपर्यंत दोघं तसेच समोरासमोर बसून राहिले. दुपारच्या पहिल्या तासाची घंटा झाली, दुसऱ्या तासाची झाली. भाताला मुंग्या लागल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. ज्या संथ नाडीची सर महिनाभर मिरवणूक काढत होते, ती धावणाऱ्याची नव्हतीच. शरीर उपाशी राहिलं की हृदयही काटकसर करायला लागतं, असं त्या म्हणाल्या. परवा ती तीन हजार मीटर धावली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी सरांना बाजूला नेऊन सांगितलं. काय सांगितलं ते सरांनी मला कधी सांगितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खोदून विचारलं नाही.

प्रिन्सिपलनी आधी समजावून बघितलं: एवढी एक शर्यत होऊ द्या, मग करा काय उपचार करायचे ते. मग आवाज चढला. सर म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत झालं, मज दिसलं नाही. हवं तर लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं. तिचे वडीलही आले, वर्तमानपत्रातलं तिच्या फोटोचं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. पोरगी इतकी छान धावते आणि तुम्ही तिला आजारी म्हणता, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. सर रोज संध्याकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते कात्रण खिशात गेलं.

ती सहा महिने घरी होती. मी दोनदा ओरत्तनाडूला गेले. दोन्ही वेळा तिची आई बाहेर आली, मला जेवू घातलं, आणि ती आतल्या खोलीतून आलीच नाही. मी तिला दोष देत नाही. मी तिचं अन्न खाल्लं, आणि मग तेच हसत हसत सांगितलं. सरांवरही तिचा राग होता. तिने आईकडून निरोप धाडला होता की माझ्यापुढे त्यांचं नाव काढू नका. सरांना तो निरोप मीच सांगितला. ते म्हणाले, "बरोबर आहे. राग असू दे. राग असला तर माणूस आहे म्हणायचं."

इकडे कॉलेजने सरांना त्यांची जागा दाखवली. मैदान एका तरुण मास्तरांकडे दिलं आणि सरांना विद्यार्थी-कल्याण विभागाचे प्रमुख केलं. म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्या अर्जांचा गठ्ठा. बसलेला मनुष्य ज्यांना कळत नाही, त्यांना दिवसभर बसलेल्या माणसासमोर बसवलं. आम्हाला वाटलं, आठवड्यात राजीनामा देतील. पहिले काही दिवस ते आलेल्या मुलाला खोलीत चार फेऱ्या मारायला लावत आणि मग बसायला सांगत. पण ते टिकले. शिकायला लागले, या वयात. मी एकदा दारातून बघितलं. समोर एक मुलगा रडत होता आणि सर त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, नवीन लिपी वाचायला शिकणारा माणूस एकेक अक्षर लावत बघतो तसे. तो गेल्यावर मला म्हणाले, "गे, डोळ्याखाली हे जे हलतं, ते रडण्याच्या आधी हलतं की नंतर?" मी म्हटलं, आधी. त्यांनी मान डोलावली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, तेव्हा ओरत्तनाडू परत आली. मी शेवटच्या वर्षाला आणि ती एक वर्ष मागे. मी फाटकाजवळच होते, सर खोली सोडून बाहेर येऊन उभे होते. ती बसमधून उतरली. अंग थोडं भरलं होतं. धावण्याचे बूट नव्हते, साधी चप्पल होती, आणि डॉक्टरीणबाईंनी अजून धावायला परवानगी दिली नव्हती. ती हळू चालत आली. मला वाटलं, आमच्याकडे न बघता निघून जाईल. ती सरांसमोर थांबली. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. सरांना जे सुचलं ते गावातल्या कोणालाही सुचलं असतं.

"साप्टाच्चा?"

तिचं तोंड सवयीने उघडलं. मग बंद झालं. ती खाली बघत राहिली, आणि सर थांबून राहिले. मागे बसच्या कंडक्टरने शिट्टी मारली, बस गेली, धूळ खाली बसली, तरी ते थांबूनच होते.

"इल्ल, सर," ती म्हणाली. नाही. "आज सकाळी जमलं नाही. घरी आच्चु म्हणून सांगून आले."

सरांचा चेहरा असा फुलला की रखवालदार खुर्चीवरून उठून बघायला आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, या खेपेला बरोबर डोळ्यांत, आणि म्हणाले, "ऐकलीस गे? नाही म्हणाली." मग तिला म्हणाले, चल, आणि तिघंजण कॅन्टीनकडे निघालो. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण माझ्या बाजूने चालत होती. पोरगी उपाशी आहे हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी तंजावरात दुसरा पाहिला नाही.